पंधरा शब्दांची चाचणी

संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र हा पेपर माझ्या गळ्यात पडला त्याला आता बारा वर्षं झाली. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. मुलं मानसशास्त्र घेतात ती माणसाचं मन ओळखता यावं म्हणून, आणि त्याहून जास्त गणितापासून सुटका व्हावी म्हणून. मी फळ्यावर मध्यमान आणि प्रमाण विचलन लिहिते त्या दिवशी अर्धा वर्ग माझ्याकडे असा बघतो, की जणू मीच त्यांना फसवून इथं आणलं. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्प असतो. तेव्हा संवाद ठरलेला.

"मॅडम, मोबाइलचा विद्यार्थ्यांवर परिणाम."

"कोणता परिणाम?"

"वाईट."

"मोजणार कसा?"

"फॉर्म भरून घेऊ की."

"कोणाकडून?"

"आपल्याच वर्गाकडून."

हे ऐकून ऐकून माझा स्वभाव बिघडला आहे, असं माझ्या घरचे म्हणतात. त्यांच्याकडे पुरावा नाही, पण निरीक्षण चांगलं आहे.

काही वर्षांपूर्वी आलेली एक विद्यार्थिनी मात्र वेगळी होती. वय पस्तिशीच्या आसपास, दोन मुलांची आई. सासर दुधनीचं, माहेर सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या बाजूला. रोज एसटीनं यायची आणि पहिल्या बाकावर बसायची. सासरी कानडी, माहेरी मराठी, त्यामुळे बोलताना मधूनच एखादा शब्द शोधायला थांबायची. तिनं आणलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'यंत्रमागाच्या आवाजामुळे कामगारांची स्मरणशक्ती कमी होते हे सिद्ध करणे.'

मी 'सिद्ध करणे' लाल पेनानं खोडलं.

"का हो मॅडम? खरंच कमी होते."

"तुला कसं माहीत?"

"माझे वडील. तीस वर्षं मागावर होते. आता काही म्हणजे काही लक्षात राहत नाही. किराणा सांगितला तर अर्धाच आणतात, नाहीतर भलतंच आणतात. आता घरात कुणी त्यांना काम सांगतच नाही."

"म्हणजे उत्तर तुला आधीच माहीत आहे."

"हाय की."

"मग शोधायचं काय?"

ती अगदी सरळपणे म्हणाली, "तुम्हीच म्हणाला, प्रकल्प केल्याशिवाय डिग्री नाही."

मला वैताग आला, पण तिच्या विषयामागे निदान एक खराखुरा माणूस होता. मी म्हटलं, कर. पण सिद्ध नाही करायचं, तपासायचं.

मागावरच्या माणसांची तुलना कुणाशी करायची, यावर आमचा महिना गेला. पहिल्यांदा तिनं बँकेतले कारकून आणले. मावसभाऊ बँकेत होता. मी विचारलं, बँकेतला माणूस पदवीधर, दिवसभर लिहितो-वाचतो. मागावरचा सातवी-आठवी झालेला. फरक निघाला तर तो आवाजामुळे की शाळेमुळे, हे कसं सांगशील? दुसऱ्यांदा तिनं त्याच कारखान्यातल्या टॉवेलना शिलाई मारणाऱ्या बायका आणल्या. मी म्हटलं, आता इकडे सगळे पुरुष आणि तिकडे सगळ्या बायका. तिनं वही मिटली, माझ्याकडे बघितलं आणि एसटी पकडायला गेली.

तिसऱ्यांदा ती नेमकं घेऊन आली. त्याच कारखान्यातलं घडी-पॅकिंगचं खातं. तिथं पुरुषच काम करतात, वय-शिक्षण जवळपास तेवढंच, राहायलाही त्याच गल्ल्यांत. फक्त त्यांचं खातं मागांपासून लांब, वेगळ्या इमारतीत. "आता फरक फक्त आवाजाचा, मॅडम," ती म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच दिवशी सही केली. वर्गातसुद्धा तिचं उदाहरण दिलं. बाहेरचे चल, म्हणजे निकालात लुडबुड करणारे इतर घटक, कसे आवरायचे, ते हिच्याकडून शिका म्हटलं.

कारखान्यात पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. मागखात्याचं दार उघडलं आणि खटखटाट अंगावरच आला. मी तिच्याशी बोलायला गेले तर मला माझाच आवाज येईना. आतले लोक मात्र गप्पा मारत होते. दोन मागांच्या पलीकडून एकानं नुसते ओठ हलवले, दुसऱ्यानं मान डोलावली आणि तो हसला. मला गंमत वाटली. गंमत वाटली आणि मी पुढे गेले. वर्षानुवर्षं निरीक्षण ही पद्धत शिकवणारी बाई मी.

तिथल्या सुपरवायझरनं आमचं स्वागत फार चांगलं केलं. चहा मागवला. मग म्हणाला, "किती फॉर्म हायत? ठिवून जावा. उद्या सगळे भरून देतो."

"कोण भरणार?"

"मीच की. त्येंना कुटं वेळ हाय?"

मी समजावलं की हे फॉर्म नाहीत, चाचणी आहे, प्रत्येकाची वेगळी, आणि ज्याची इच्छा असेल त्याचीच घ्यायची. त्याला पटलं. त्यानं लगेच माणसं बोलावली आणि ओळीत उभी केली. "ही बगा, सगळी हुशार हायत. नाव राखतील कारखान्याचं."

मग मला नमुना कसा निवडतात ते सांगावं लागलं. हजेरीपटावरच्या सगळ्या नावांच्या चिठ्ठ्या करायच्या, डब्यात घालून हलवायच्या, निघेल त्याला विचारायचं. आम्ही चिठ्ठ्या केल्या. तोवर कारखान्यात बातमी पसरली की सोडत निघणार आहे, आणि ज्याची चिठ्ठी निघाली तो प्रत्येक जण येऊन विचारायचा, "बक्षीस काय हाय?" चाचणी आहे, बक्षीस नाही, हे ऐकून काही जण परत गेले. त्यांच्या जागी आम्ही पुढच्या चिठ्ठ्या काढल्या.

चाचणी साधी होती. पंधरा शब्द वाचून दाखवायचे, मधे थोडा वेळ दुसरं काहीतरी बोलायचं आणि मग आठवतील तेवढे शब्द सांगायला लावायचे. पाळी बदलायच्या वेळेला, मागखात्यापासून लांबच्या सुताच्या गोदामात ती बसायची. शब्द कसे वाचायचे ते मीच तिला शिकवलं होतं. एका सुरात वाच. चेहऱ्यावर काही दिसू देऊ नकोस. समोरच्याकडे बघू नकोस, कागदाकडे बघ, नाहीतर नकळत तू त्याला मदत करशील. तिनं सगळं तसंच केलं. हीच बाई माझं सगळं ऐकते, बाकी वर्ग ऐकत नाही, याचं मला तेव्हा कौतुक होतं.

तीन आठवड्यांनी ती आकडे घेऊन आली. मागावरच्या कामगारांचे शब्द पॅकिंगवाल्यांपेक्षा बरेच कमी. मी तिच्यासमोरच पुन्हा गणित केलं. फरक योगायोगानं पडण्याइतका लहान नव्हता. आमच्या भाषेत सार्थक, आणि तोही चांगलाच. ती इतकी खूश झाली की मी तिला पहिल्यांदा कॉलेजच्या कँटीनमध्ये चहा पिताना पाहिलं. विभागप्रमुखांना कळलं तेव्हा तेही माझ्या टेबलाशी आले.

"बऱ्याच वर्षांनी आपल्याकडे काहीतरी सिग्निफिकंट आलंय. विद्यापीठाच्या स्पर्धेला पाठवा."

मी उत्तराच्या सगळ्या पत्रिका बेरजा तपासायला घरी नेल्या. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर त्या घेऊन बसले. बेरजा बरोबर होत्या. पण तिला एक सवय होती, जी मी तिला शिकवली नव्हती. कामगारानं यादीत नसलेला एखादा शब्द सांगितला तर ती तो समासात लिहून ठेवायची. पॅकिंगवाल्यांच्या समासात फारसं काही नव्हतं. मागावरच्यांचे समास भरलेले होते.

यादीत 'माळ' होतं, समासात 'बाळ'. यादीत 'मान'; समासात 'पान'. 'माठ' या शब्दाला तर कितीतरी जणांनी 'पाट' म्हटलं होतं.

विसरलेला माणूस असं करत नाही. तो गप्प बसतो, किंवा माठाऐवजी घागर म्हणतो, अर्थाच्या आसपासचं काहीतरी. हे अर्थाच्या आसपास नव्हतं. मी 'माळ' मोठ्यानं म्हटलं, 'बाळ' म्हटलं. मग उठले, बेसिनवरच्या आरशासमोर गेले आणि आवाज न काढता दोन्ही म्हटले. ओठ अगदी सारखेच हलले. मान, पान. माठ, पाट. आरशात मला माझा चेहरा दिसत होता आणि त्या मागखात्यातला, नुसते ओठ हलवणारा माणूसही डोळ्यांसमोर येत होता.

ते शब्द विसरले नव्हते. त्यांना ते नीट ऐकूच गेले नव्हते. तीस-तीस वर्षं त्या खटखटाटात काढलेल्या माणसांची स्मरणशक्ती आम्ही कानातून मोजायला निघालो होतो, आणि त्या आराखड्यावर माझी सही होती. त्या दुपारी मला स्वतःचा जो संताप आला तो मी कुणावर काढला नाही, कारण काढायला दुसरं कुणी नव्हतं.

सोमवारी मी तिला बोलावून पत्रिका दाखवल्या. ती एकेक समास वाचत गेली.

"कामगार काही म्हणाले होते का, तू वाचताना?" मी विचारलं.

"म्हणायचे की. ताई, जरा वर बघून वाचा म्हणायचे. मी दोन-चार शब्द वर बघून वाचायची. मग तुमची आठवण व्हायची आणि परत खाली बघायची."

मी समासातल्या 'बाळ'वर बोट ठेवलं.

"म्हणजे आकडे खोटे हायत?" तिनं विचारलं.

"आकडे खरे आहेत. आपण मोजलं भलतंच."

"मग आता?"

"परत करायचं."

"सगळं?"

"सगळं."

तिनं पत्रिका गोळा केल्या, कडा टेबलावर आपटून सरळ केल्या. सासूला काय सांगायचं, मुलांची परीक्षा, एसटीच्या वेळा, यातलं ती काहीच बोलली नाही. ते सगळं मला तिच्या त्या आपटण्यात ऐकू आलं.

विभागप्रमुखांचं म्हणणं सोपं होतं. "मर्यादा या प्रकरणात एक ओळ टाका. श्रवणक्षमतेचा विचार केलेला नाही. झालं. एम.ए.चा प्रकल्प आहे, पीएच.डी. नाही."

खरं सांगायचं तर माझाही तोल जरा त्या बाजूला गेला होता. अशी एक ओळ टाकून सुटलेले किती तरी प्रकल्प माझ्या कपाटात आहेत. पण ती ओळ शेवटून दुसऱ्या पानावर असते आणि निष्कर्ष पहिल्या पानावर. लोक पहिलं पान वाचतात. मागावरच्या माणसांची बुद्धी मंदावते, असं कुणीतरी कुठंतरी वाचणार, आणि खाली नाव आमच्या कॉलेजचं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "तुमची मर्जी." त्यांनी असं म्हटलं की पुढचे काही महिने सगळी पर्यवेक्षणाची कामं माझ्या वाट्याला येतात.

नव्या चाचणीत शब्दांऐवजी चित्रं घ्यायची असं आम्ही ठरवलं. तिनं मुलाच्या चित्रांच्या पुस्तकातून पंधरा चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली आणि सगळ्यांत आधी ती माहेरी नेली. पुढच्या आठवड्यात तिनं मला जे सांगितलं ते ती माझ्या टेबलाच्या काचेकडे बघत सांगत होती.

वडील बाजेवर बसले होते. तिनं एकेक चित्र दाखवलं, मग चहा केला, भावाच्या पोरांशी बोलली आणि परत येऊन समोर बसली. बोटांनी खूण केली: काय काय होतं? त्यांनी चौदा सांगितली. पंधराव्याला थांबले आणि म्हणाले, "त्ये बदक हुतं का कोंबडी? चित्रच धड न्हाय."

मग ती वडिलांच्या अगदी समोर सरकली आणि मोठ्यानं, सावकाश विचारलं, "दादा, आईनं परवा दळण आणायला सांगितलं होतं. का नाही आणलं?"

"मला कुणी सांगितलंच न्हाय."

"मॅडम, हे ते कायम म्हणतात," ती मला म्हणाली. "कितीतरी वर्षं म्हणतात. मला कुणी सांगितलंच न्हाय. आणि आमी हसायचो. आई म्हणायची, बघा, सांगितलेलंसुद्धा विसरले."

मी तिला पाणी दिलं. ती ते प्यायली नाही.

दुसऱ्या दिवशी ती निष्कर्षाचं प्रकरण लिहूनच घेऊन आली. 'मागावरच्या कामगारांची स्मरणशक्ती उत्तम असते. त्यांचे कान गेलेले असतात. समाज त्यांना विसराळू ठरवतो.' अजून दुसरी चाचणी झालेलीसुद्धा नव्हती. मी लाल पेन काढलं.

"आता काय चुकलं?"

"एक माणूस म्हणजे नमुना नव्हे. आणि तो तुझा बाप आहे, म्हणून तर अजिबातच नव्हे."

"पण खरं हाय की हे."

"आपण कुणाचे कान तपासले का?"

"नाही."

"मग कान गेलेत असं कसं लिहिणार? 'ऐकण्यात अडचण असण्याची शक्यता दिसते,' एवढंच लिहिता येईल."

तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मॅडम, वाईट लिहिलं तरी तुमी खोडता. चांगलं लिहिलं तरी तुमी खोडता. मला एक वाक्य तरी ठाम लिहू देणार हाय का?"

तिनं पिशवी उचलली आणि गेली. माझं म्हणणं बरोबर होतं. बरोबर असून मला इतकं वाईट क्वचित वाटलं आहे. या विषयाचा हाच त्रास आहे. ज्याला काही सांगायचं आहे त्याला तो म्हणतो थांब, आणि ज्याला काहीच सांगायचं नाही तो फॉर्म भरून पास होतो.

चार दिवस ती आली नाही. पाचव्या दिवशी आली आणि नव्या चिठ्ठ्या कधी करायच्या एवढंच विचारलं.

नव्या चिठ्ठ्या लागणारच होत्या, कारण पहिल्या लोकांना चाचणी ठाऊक झाली होती. सुपरवायझर वैतागला. "परत? पयले लोक कुटं मेले काय?" पण त्यानं गोदाम उघडून दिलं. काहींच्या घरी तेलुगू, काहींच्या कानडी, म्हणून उत्तर कुठल्याही भाषेत चालेल असं ठेवलं. चित्रांची तेलुगू नावं तिनं पॅकिंगमधल्या एका वयस्कर कामगाराकडून वहीत लिहून घेतली. सूचना तोंडी न देता खुणांनी आणि आधी नमुन्याची दोन चित्रं दाखवून दिल्या. खुणांची तर मागावरच्या लोकांना सवयच होती. त्यांनीच तिला दोन खुणा सुधारून दिल्या.

या वेळी दोन्ही खात्यांत फरक निघाला तो अगदी थोडा. इतका थोडा की तो नुसत्या योगायोगानंही पडू शकतो. मी तिला बजावलं, याचा अर्थ फरक नाहीच असाही होत नाही. आपल्याला तो दिसला नाही, इतकंच. तिनं मान हलवली. या वेळी वाद घातला नाही.

विद्यापीठाच्या स्पर्धेला आमचा प्रकल्प गेला नाही. त्याऐवजी मोबाइलचा वाईट परिणाम गेला. त्यात सगळं सार्थक आलं होतं.

तिनं अहवालात दोन्ही फेऱ्या घातल्या, पहिली चुकलेली आणि दुसरी. समासातले शब्दसुद्धा परिशिष्टात जसेच्या तसे दिले. विभागप्रमुखांनी पहिली फेरी काढून टाका असं सुचवलं होतं. मी तिला म्हटलं, तू ठरव. तिनं ठेवली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक पानं चाळत होते. "म्हणजे फरक नाही हे शून्य गृहीतक सिद्ध झालं?"

"सिद्ध नाही झालं, सर. फेटाळता आलं नाही."

मी खिडकीकडे बघितलं, म्हणजे चेहऱ्यावरचं काही दिसू नये.

"मग एवढी मेहनत करून तुम्हाला मिळालं काय?"

"पहिल्यांदा काय चुकलं, ते मिळालं."

त्यांनी तिला मध्यम गुण दिले. मोबाइलवाल्याला जास्त मिळाले. मी परीक्षकांशी भांडले नाही. चहा मागवला, एवढंच.

नंतर ती वडिलांना सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. दोन्ही कान बरेच अधू निघाले. त्यांना यंत्र मिळालं. वडील ते सकाळी लावतात आणि दुपारी काढून ठेवतात, कारण घरात फार गोंगाट आहे असं त्यांचं म्हणणं आहे. कारखान्यातल्या सगळ्यांचे कान तपासून घ्यावेत म्हणून तिनं मालकांना अर्ज दिला. सुपरवायझर म्हणाला, कानात घालायचे बोळे मागंच दिले होते, कुणी घालत नाही; बोळे घातले की सूत तुटल्याचा, माग बिघडल्याचा आवाज कळत नाही. मालक म्हणाले, बघू.

आता ती अक्कलकोट तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता. हेडमास्तरांनी प्रत्येक वर्गशिक्षकाकडे अभ्यासात मंद असलेल्या मुलांची यादी मागितली होती.

"माझ्या वर्गात तशी सहा पोरं हायत," ती म्हणाली. "तिघं घरी कानडी बोलतात, त्यांना पुस्तकातलं मराठीच कळत नाही. एक मागं बसतो, त्याला फळा दिसत नाही असं मला वाटतं. वाटतं म्हणते, मॅडम, ठाम नाही. उरलेल्या दोघांचं अजून कळलं नाही."

"मग यादीत काय लिहिलंस?"

"हेडमास्तर रोज विचारतात. उद्या तरी द्या म्हणतात."

"आणि?"

"दिली न्हाय अजून," ती म्हणाली. "आधी त्या मागच्याला पुढं बसवून बघते."